विहिणीचे पाय

निहार आणि तारा,

गेल्या रविवारी फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघांनी मला टाळ्या वाजवल्या. "सांगलीच्या आजीनं चेन्नईच्या आजीचा पाय वाचवला," असं तारा म्हणाली, आणि निहारनं तर शिट्टीही मारली. मी हसले, हात हलवला. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या. आता सांगलीला परतले आहे, सामान जागच्या जागी लागलं आहे, म्हणून चेन्नईची हकिगत सुरुवातीपासून लिहिते. तिथं पाहिलेलं, खाल्लेलं सगळं यात येईल, कारण तेही तुम्हाला हवं असतं. पण वाचून दाखवताना मधला एक भाग तुमच्या आईनं गाळायचा नाही, अशी तिला माझी ताकीद आहे.

मैलापूर

पुण्याहून विमानानं गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर छान झोप काढली. जाण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या चेन्नईच्या आजी, अंबुजाबाई, या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कॅलगरीला तुमच्याकडे यायच्या होत्या. मे महिन्याचं तिकीट तुमच्या बाबांनी, श्रीनिवासनं, काढून ठेवलं होतं. त्यांचा मधुमेह जुना, म्हणून एवढ्या लांबच्या प्रवासाआधी पाय नीट तपासायला हवेत, असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. घरात त्या एकट्या. तेव्हा मेधा मला म्हणाली, "आई, तू जाशील का? तू असलीस की सगळं शिस्तीत होतं." ते वाक्य मला फार आवडलं होतं. आता ते लिहितानासुद्धा नको वाटतं.

त्यांचं घर मैलापुरात, कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. आपण उंबऱ्याशी चार बोटं रांगोळी टेकवून मोकळे होतो. तिथं प्रत्येक दारापुढचा रस्ता धुऊन त्यावर पिठाचं मोठं कोलम काढतात, आणि दुपारपर्यंत स्कुटरी त्याच्यावरून जाऊन ते पुसून टाकतात. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं.

अंबुजाबाई दारातच उभ्या होत्या. "या, या, विहीणबाई! ऊन पाहा किती. अगोदर काफी, मग बोलणं."

त्यांची मराठी तुमच्या बाबांच्या मराठीपेक्षाही जुनी. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले आणि तेव्हाची भाषा सोबत घेऊन गेले. 'आम्ही'ला त्या 'अम्मी' म्हणतात, 'तुम्ही'ला 'तुम्मी', आणि वाक्य संपताना सूर तमिळसारखा वर जातो. मी इंग्रजीच्या प्राध्यापिकेच्या सवयीनं पहिल्या तासाभरात त्यांची दोन वाक्यं सुधारली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्मी सुधारा, सुधारा. माझी आजी वरून ऐकत असेल, तिला पण सुधारा."

मी माझी चहाची पूड पिशवीतून नेली होती. ती पाहून त्यांनी नाक मुरडलं. "चहा मणजे काय? ताप आल्यावर पितात ते?" पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, अशी हातभर उंचीवरून कॉफी ओतून त्यांनी माझ्या हातात दिली. खरं सांगते, माझी चहाची पुडी तशीच न उघडता परत आली.

जेवायला आंबट भाजी होती, म्हणजे चिंचेच्या कोळातली पालेभाजी, आणि डांगर पच्चडी. ही पच्चडी म्हणजे उडदाचं पीठ भाजून दह्यात कालवायचं आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यायची. आपण डांगर ताकात कालवतो, त्याची ही लांबची बहीण. मी तीनदा घेतली. त्यांनी स्वतः मात्र मोजकंच खाल्लं. नंतर आतल्या खोलीतून एक बॅग ओढत आणून मला दाखवली. त्यात ताराचा रेशमी परकर, निहारचा रेशमी सदरा, एक जाड स्वेटर आणि लोकरीचे मोजे होते. बॅग भरायची वेळ अजून आली नव्हती, तरी त्यांनी ती भरायला घेतली होती. "तिथं बर्फ पायानं तुडवतात मणे," असं म्हणून त्यांनी मोजे माझ्यासमोर घालून पाहिले.

अड्यारचा दवाखाना

दुसऱ्या दिवशी रिक्षानं अड्यार भागातल्या दवाखान्यात गेलो. रिक्षावाल्याशी मी इंग्रजीत बोलले, तर अंबुजाबाईंनी मला कोपर मारलं. "तुम्मी इतकं चांगलं इंग्रजी बोलूं नका. तो भिऊन भाडं वाढवतो."

हा दवाखाना फक्त पायांचा आहे. भिंतीवर सगळीकडे पायांची चित्रं. डॉक्टरीणबाई चाळिशीतल्या, चटपटीत. त्यांनी अंबुजाबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. कळलं की "हो" म्हणायचं. अंबुजाबाई दर थोड्या वेळानं "हो" म्हणत होत्या, पण दोरा टेकलेला असताना नव्हे, भलत्याच वेळी. मी समोर बसून हे पाहत होते. दोरा वाकत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

"काहीच कळत नाहीये तुम्हाला," डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या. "मग हो का म्हणताय?"

"तुम्मी इतक्या प्रेमानं विचारतां, नाही कसं मणूं?" असं त्या मला मराठीत म्हणाल्या, आणि मग तमिळमध्ये डॉक्टरांना. डॉक्टर हसल्या. मीही हसले.

मग त्यांनी मला कॅमेऱ्याबद्दल सांगितलं. निहारला हे आवडेल, म्हणून जसं समजलं तसं लिहिते. आपल्या सगळ्यांच्या अंगातून उष्णता सतत बाहेर पडत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासारखी. त्याला इन्फ्रारेड म्हणतात, हे तुला शाळेत शिकवलं असेल. हा कॅमेरा ती उष्णता टिपतो. तो अंगावर कसलेही किरण सोडत नाही, अंगाला शिवत नाही, नुसता पाहतो आणि गार भाग निळा, गरम भाग पिवळा-लाल असा रंगवून दाखवतो. करोनाच्या दिवसांत विमानतळावर ताप शोधायला असेच कॅमेरे लावले होते. भाजलेली जखम किती खोल आहे, हाड जुळल्यावरही हात का दुखतो, असल्या गोष्टींतही डॉक्टरांना त्याची मदत होते.

"यानं कॅन्सरसुद्धा कळतो, असं मी एका जाहिरातीत वाचलं," मी म्हटलं.

"त्याच्यावर विसंबून राहू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हा कॅमेरा कुठे ते सांगतो, काय ते सांगत नाही. काय ते आम्हाला दुसऱ्या तपासण्यांनी शोधावं लागतं." मग अंबुजाबाईंच्या पायाकडे बोट करून म्हणाल्या, "मधुमेहात तळव्याला जखम व्हायच्या आधी काही दिवस ती जागा आतून तापते. तुम्हाआम्हाला तिथं दुखतं, आपण लंगडतो, त्या पायावर भार देत नाही, आणि पाय वाचतो. यांना दुखतच नाही. दुखण्याचं काम आम्ही या कॅमेऱ्याकडून करून घेतो."

फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा ठरला. तळव्याला तेल नको, मलम नको, शेक नको, असं त्यांनी बजावलं. फोटो चांगला आला की प्रवासाच्या परवानगीच्या कागदावर सही. मी माझ्या उत्तम इंग्रजीत म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही निर्धास्त राहा. ही जबाबदारी माझी."

देवळाबाहेर

संध्याकाळी कपालीश्वराच्या देवळाकडे फिरायला गेलो. गोपुर इतकं उंच आणि इतक्या मूर्तींनी भरलेलं, की मान दुखेपर्यंत पाहत राहिले. सगळीकडे मोगऱ्याचे गजरे. केळीच्या पानात सुंडल घेतलं, म्हणजे वाफवलेले हरभरे आणि वर ओलं खोबरं. मी चपला काढून आत जायला निघाले, तर अंबुजाबाई रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या.

"तुम्मी या जाऊन. मी इथूनच."

डॉक्टरांनी त्यांना अनवाणी चालायची बंदी केली आहे, आणि चपला घालून देवळात जाता येत नाही. तेव्हापासून त्या रोज इथं येतात, फुलवाल्या बाईच्या टोपलीशेजारी उभ्या राहतात, आणि पायांत चपला असताना नमस्कार करायचा तो मान जरा खाली घालून, देवाची माफी मागितल्यासारखा करतात. जन्म त्या देवळाच्या सावलीत गेला, आणि आता आत पाऊल नाही. मी आतून जाऊन आले. दगड तेव्हाही कोमट होते.

न्हाणीघर

आता तो भाग.

सकाळी निघायच्या आधी माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. टाचांना भेगा, भेगांत कालची धूळ. मला वाटलं, असे पाय घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं? लोक काय म्हणतील? लग्नात आपल्याकडे मुलीच्या आईनं विहिणीचे पाय धुवायची रीत आहे. मेधाच्या लग्नात मी ती मोडीत काढली होती, दोन्ही घरं बरोबरीची म्हणून. अंबुजाबाईंना तेव्हा ते पटलंही होतं. त्या सकाळी मात्र मला एकाएकी हौस आली. तत्त्व म्हणून जे केलं नव्हतं, ते प्रेमानं करावं, असं वाटलं. आणि त्यात थोडं हेही होतं, की आपण किती साध्या, किती मोकळ्या मनाच्या, हे त्यांना दिसावं. ते न लिहिता पुढं जाता येत नाही.

मी पातेलंभर पाणी उकळलं, घमेल्यात ओतलं, थोडं गार पाणी मिसळलं, मीठ टाकलं. स्टुलावर त्यांना बसवून साडीचा काठ वर खोचला, तशा त्या घाबरल्या.

"अय्यो, हे काय, विहीणबाई! तुम्मी माझे पाय धरायचे?"

"बसा गप्प. विहिणीचे पाय धुवायचे राहिलेत माझे."

"आता? लेकरं शाळेत जातात की. भिऊं नका, आता मी लग्न मोडत नाही!"

दोघी खूप हसलो. त्यांनी पाय पाण्यात ठेवले. पाणी कढत होतं, पण माझ्या हातांना चुलीपुढची सवय आहे.

"पोळत नाही ना?" मी विचारलं.

"कुठं! कोमट आहे. घाला की अजून."

मी अजून घातलं, पातेल्यातून, वरून, त्यांच्या डाव्या पायाच्या कडेनं. वज्रीनं टाचा घासल्या. आदल्या दिवशी ज्या पायाला दोरा कळला नव्हता, त्याच पायाला मी पाणी पोळतं का विचारत होते, आणि मिळालेल्या उत्तरावर समाधानी होते. दोरा वाकताना मी स्वतः पाहिला होता. डॉक्टरांनी शेक नको म्हटलं होतं तेही ऐकलं होतं. पण शेक म्हणजे पिशवीनं देतात तो, आणि हे तर धुणं, असं माझ्या डोक्यात स्वच्छ दोन कप्प्यांत होतं. पाय पुसले तेव्हा ते लालबुंद दिसले. मला वाटलं, किती छान निघाले.

पुन्हा अड्यार

गार खोलीत पाय उघडे ठेवून त्यांना बसवलं. थोड्या वेळानं फोटो काढणाऱ्या मुलीनं कॅमेरा लावला. पडद्यावर त्यांचे दोन्ही पाय घोट्यापासून खाली पेटल्यासारखे दिसत होते, कुठंही निळं नाही. मुलीनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काय केलंत? गरम पाणी?"

मी तोंड उघडायच्या आत अंबुजाबाई तमिळमध्ये बोलू लागल्या. मला तमिळ येत नाही, पण 'कोविल' म्हणजे देऊळ हे कळलं, आणि हातानं त्यांनी काढलेली प्रदक्षिणेची गोल खूण कळली. त्या सांगत होत्या, की सकाळी देवळात अनवाणी फिरले, दगडांनी पाय पोळले.

डॉक्टर त्यांना ओरडल्या. बाहेरच्या बाकावरची माणसं वाकून पाहू लागली इतक्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही बरोबर होतात ना? तुम्ही जाऊ कसं दिलंत?"

तारा, निहार, माझी तमाम शिस्त आणि शिक्षण घेऊन मी त्या वेळी एकच वाक्य बोलले. मी म्हटलं, "त्या फार भाविक आहेत, डॉक्टर."

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते मला सुचलं.

"मग मी सही कशी करू?" डॉक्टर म्हणाल्या. "ज्या बाईला इथं अनवाणी चालू नका म्हणून सांगून कळत नाही, ती बर्फात काय करील?" पाय निवू देत, तासाभरानं पुन्हा फोटो घेऊ, असं सांगून त्या गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. फोटो काढणारी मुलगी गोड होती. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून तिनं मला कॅमेरा दाखवला. मेजावर पंजा टेकवून उचलायला सांगितला. हात काढून घेतल्यावरही पडद्यावर मेजावर माझा पंजा तसाच उमटलेला, पाची बोटं पिवळीधमक, आणि हळूहळू विझत गेलेला. एरवी मी तुम्हा दोघांसाठी त्याचा फोटो काढून घेतला असता. मी हात मांडीवर घेऊन बसले.

ती गेल्यावर अंबुजाबाईंना म्हटलं, "का सांगितलंत असं? तुम्ही तर देवळात पाऊलही टाकत नाही."

"तुम्मी पाव्हण्या. माझ्या घरी राहून दुसऱ्याचं बोलणं खायचं?"

"आणि तुम्ही खायचं?"

"माझी डॉक्टर आहे ती, उद्या विसरेल. पण श्रीनिवासला कळलं, तर तो मेधाला एखादा शब्द बोलेल. तुझ्या आईनं असं केलं मणून. मग ती रडेल. कशाला ते?" आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी तेही करून घेतलं.

दुसऱ्या फोटोत पाय बरेच निवले होते, पण दोन ठिकाणं पेटलेलीच होती. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली एक ठिपका, आणि डाव्या पायाची बाहेरची कड, करंगळीपर्यंत. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी मला समजावलं, की नेहमी एका पायाची दुसऱ्याशी तुलना करतात, दोन-अडीच अंशांहून जास्त फरक दिसला की संशय घ्यायचा. "एक पाय दुसऱ्याचा साक्षीदार असतो. इथं दोन्ही साक्षीदार बिघडलेत. दगडानं पोळलं असतं तर तळवा सारखा पोळला असता, नुसती कड नाही. ही डावी कड मला आतून वाटतेय, हाडांची सूज. मी आजच या पायाला प्लास्टर घालते, भार पडायला नको. काही आठवडे उघडायचं नाही."

मुलीनं प्लास्टरच्या पट्टीचे गुंडाळे काढले. पाण्याचं भांडं भरून आणलं. अंबुजाबाईंनी पाय पुढं केला.

डावी कड. मी ओतलं होतं ती कड. तिथं आत हाडात काही नव्हतं, वर कातडी भाजलेली होती, आणि ती आता बंद होणार होती, उघडता न येणाऱ्या प्लास्टरच्या आत, दुखलं तरी न कळणाऱ्या पायावर.

मी बोलले. पण तोंडातून मराठी निघाली. "मी ओतलं. मी कढत पाणी ओतलं." डॉक्टरांना काही समजलं नाही. समजलं ते अंबुजाबाईंना, आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नको, नको मणते मी." मग मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. आयुष्यभर ज्या भाषेत वर्गापुढं उभी राहिले, तिच्यात त्या दिवशी मला पोरासोरासारखी तुटक वाक्यं आली. मी पाय धुतले. पाणी फार गरम होतं. त्या देवळात गेल्याच नव्हत्या.

मुलीचा हात पट्टीवर थांबला.

"किती गरम?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या हाताला सोसवेल एवढं."

"तुमच्या हाताला," त्या म्हणाल्या. मग, "काल दोऱ्याची तपासणी केली तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात ना?"

"हो."

एवढंच. अंबुजाबाईंना त्या जेवढ्या ओरडल्या होत्या, त्याच्या चौथाईनंही मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याशी फार सभ्यपणे वागल्या. नंतर अंबुजाबाईंपुढे बसून, त्यांचा पाय मांडीवर घेऊन, तमिळमध्ये हळू आवाजात काहीतरी बोलल्या. ती माफी होती, हे कळायला भाषा लागली नाही. प्लास्टर न घालताच पट्ट्या परत ठेवल्या गेल्या. डाव्या कडेला मलमाची पट्टी बांधली.

परतताना रिक्षात, मैलापूर आलं तेव्हा अंबुजाबाई म्हणाल्या, "इतकी मेहनत करून खोटं बोलले, तुम्मी एका वाक्यात वाया घातलं." आणि रस्त्याकडे तोंड करून हसल्या.

मैलापूर, त्यानंतर

दुसऱ्या दिवशी डाव्या करंगळीशी मोठा फोड आला, आणि दोन दिवसांत तो फुटला. उजवीकडचा ठिपका मात्र खरा निघाला. तिथं घट्ट्याखाली कातडी आतल्या आत सोलवटत चालली होती. डॉक्टरांनी घट्टा तासून काढला, चपलेत त्या जागी भार पडणार नाही असा तळ बसवून दिला. तेव्हा कॅमेऱ्यानं पाय वाचवला, हे खरं आहे. उजवा. मी नाही, कॅमेऱ्यानं.

मी डॉक्टरांना एकटी भेटून विचारलं, मे महिन्याचं काय? त्या म्हणाल्या, "उजव्या पायाचं मी तोवर जमवलं असतं. डाव्याचं वचन देत नाही. असल्या पायावरची भाजलेली जखम फार सावकाश भरते. उघडी जखम घेऊन मी त्यांना विमानात बसू देणार नाही."

तेव्हा तुमची चेन्नईची आजी या उन्हाळ्यात येत नाही, ती मधुमेहामुळं नव्हे. माझ्यामुळं.

ठरल्यापेक्षा बरेच दिवस मी तिथं राहिले. रोज सकाळी पट्टी बदलायची, तळव्याखाली आरसा धरून दोघींनी मिळून पाहायचं. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. अंबुजाबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत. "पीठ जळतं आहे, विहीणबाई. नाक सांगलीत ठेवून आलां काय?" मी कॉफी पुढं केली, की पेल्याला हात न लावता विचारत, "गरम आहे काय? तुमच्या हाताला विचारून सांगा." मी दर वेळी ओशाळायची, आणि त्या दर वेळी तेवढंच मनापासून हसायच्या. त्यांनी ती गोष्ट झाकून ठेवली असती, तर मला तिथं राहणं अशक्य झालं असतं. बॅग त्यांनी परत आतल्या खोलीत लोटली होती. मोजे मात्र बाहेर, खुर्चीच्या पाठीवर.

रविवारी तुमचा फोन आला. त्यांनी पडद्यासमोर उजवा पाय धरला, डावा नाही, आणि म्हणाल्या, "सांगलीच्या आजीनं नेलं मणून सापडलं." पुढचं तुम्हाला माहीत आहे. आणि शेवटी निहार म्हणाला, "मग सांगलीच्या आजी, या वेळी तूच ये. त्यांच्याऐवजी." मी पाहू म्हणाले.

इथं परतल्यावर माझं ठरलं होतं, की यायचं नाही. अंबुजाबाई तुमच्या दारात उभ्या राहिल्याशिवाय मी तिथं पाऊल टाकणार नाही. काल फोनवर मी त्यांना तसं सांगितलं, आणि मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्या चिडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "हे काय नवीन? दोन आज्या असून लेकरांकडे एक पण नाही?"

"तुमचा पाय भरू द्या आधी."

"पाय भरेल. लेकरं तोवर मोठी होतील."

येणार नाही म्हणते त्यात त्यांच्यासाठी किती, आणि स्वतःला शिक्षा करून घेतली असं मला वाटावं म्हणून किती, हे मी रात्रंदिवस विचार करूनही सांगू शकत नाही. माझ्या ठरवण्यावर माझा आता फारसा भरवसा राहिलेला नाही.

म्हणून असं करा. या रविवारी मला फोन करू नका, त्यांना करा. पाण्याचं तुम्हाला कळलं आहे, हे आधी सांगा, म्हणजे त्यांना डावा पाय लपवत बसावं लागणार नाही. मग विचारा, सांगलीच्या आजीनं यावं की न यावं. त्या सांगतील तसं मी करीन.